पाऊण लिटर

९ फेब्रुवारी २०१६, मंगळवार

कॉलेजातून आले आणि चप्पल न काढता सरळ आतल्या खोलीत गेले. खोलीत काहीच नाही. दवाखान्याचा भाड्याचा पलंग कधीच परत गेलाय. चार आठवडे झाले, पण पायांना अजून कळलेलं नाही.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चार वर्षं त्या खोलीत होत्या. दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, आणि दिवसाला पाणी पाऊण लिटर. चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यात धरून. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे, मोजणं माझ्या हाताला लागलेलं. सकाळी पाऊण लिटरची बाटली भरायची आणि दिवसभर तिच्यातूनच द्यायचं. त्या म्हणायच्या, "द्वारके, तुझ्या हाताला पाणीच नाय."

सगळे म्हणतात, सुटलीस, आता आराम कर. बसलं की अंग दुखतं. झोपलं की जास्त दुखतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. मग हा थकवा कशाचा, ते कुणी सांगत नाही. त्यांनी म्हटलं, रोज चार ओळी लिहा. म्हणून ही वही.

शेवटच्या दिवसाचं मात्र लिहायचं नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार

एक ठरवलं. मार्चात धुळवडीला जोडून सुट्ट्या येतात. शुक्रवार ते रविवार मी पिशोर ते सोयगाव चालत जाणार. एकटी.

ही आत्याबाईंची वाट. फाल्गुनात वैजापूरकडून मेंढरं घेऊन निघायचं, कन्नडच्या पुढं पठारावर चढायचं आणि डोंगराच्या कडेकडेनं जाऊन सोयगावला खाली उतरायचं. लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी ही वाट तुडवली. शेवटच्या वर्षी दुसरं काही बोलतच नसत. कुठल्या नाल्यात वाळू उकरली की पाण्याचा झिरा लागतो, कुठल्या विहिरीला पायऱ्या. मी "हं, हं" करत औषधं काढायचे.

ह्यांना सांगितलं. हे वाळूजच्या कंपनीत आहेत, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी.

"एकटी?"

"एकटीच."

"कशाला पण?"

"चालायला."

"मग सकाळची गोगाबाबाच्या टेकडीवर जात जा की. समदं औरंगाबाद जातंय."

मी कॅलेंडरवर त्या तीन तारखांना खुणा केल्या. "बघ तुला काय करायचं ते," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आई गेल्यापासून हे असेच बोलतात, भिंतीकडं बघून.

१४ फेब्रुवारी, रविवार

गोगाबाबाची टेकडी. अर्ध्यात बसले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आजोबा मला ओलांडून गेले आणि वरून परत येताना म्हणाले, "सावकाश, ताई, डोंगर कुठं पळून जात नाही."

२१ फेब्रुवारी, रविवार

रोज टेकडी चालू आहे. आता न बसता चढते. काल गुलमंडीत बूट घेतले. दुकानदारानं विचारलं, "मुलीसाठी का?" माझ्यासाठी म्हटल्यावर त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. टाचांना भेगा होत्या. मी पाय साडीखाली ओढून घेतले. अठ्ठेचाळीस वर्षांत स्वतःसाठी बूट पहिल्यांदाच घेतले.

२४ फेब्रुवारी, बुधवार

मुंजाबामामांना सोयगावला फोन केला. आत्याबाईंचे धाकटे भाऊ, सत्तरीचे. वाट त्यांच्याकडून लिहून घेतली. पहिला मुक्काम घाटनांद्र्याच्या अलीकडं आवडाबाईंच्या घरी, त्या मामांच्या नात्यातल्या. दुसरा हळद्याला. तिथून तिसऱ्या दिवशी घाट उतरायचा.

"पाण्याचं काय, मामा?"

"औंदा काय नाय बघ. झिरे आटले, विहिरीत दगड टाकला तर खडखड वाजतंय. पाठीवर न्यावं लागंल. लई न्यावं लागंल."

"किती?"

"आता मेंढरांचा हिशेब सांगू शकतो मी. बाईमाणसाचा कसा सांगू?" मग म्हणाले, "आमच्या सुगंधाक्काला बरं वाटलं असतं, पोरी."

फोन ठेवल्यावर उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

२८ फेब्रुवारी, रविवार

सरावाचा पहिला मोठा दिवस. दौलताबादपर्यंत बस, तिथून घाट चढून खुलताबाद आणि तसंच परत. पाठीवर सहा किलो. पाण्याचं वजनच सगळ्यात जास्त, तेव्हा कमीत कमी किती पाण्यावर भागतं ते आधी कळायला हवं. म्हणून पाऊण लिटरच नेलं. सकाळी सात ते दुपारी एक. परतताना जीभ टाळ्याला चिकटली होती. उसाच्या रसाची गाडी दिसली, घंटा वाजत होती. थांबले नाही. प्रयोग मध्येच मोडला तर निष्कर्ष काय काढणार?

बाटलीत शंभर मिली उरलं. मनाला बरं वाटलं.

१ मार्च, मंगळवार

जेवताना ह्यांना सरावाचं सांगितलं. पाऊण लिटरवर सहा तास निघाले म्हटलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"दुसरा आकडा नव्हता का तुझ्याकडं?"

"म्हणजे?"

"काय नाय." अर्ध्या ताटावरून उठले. भाकरी कडक झाली होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. ह्यांना हल्ली काय होतं, मला कळत नाही. विचारायचं त्राणही नाही.

६ मार्च, रविवार

कपाट आवरताना आत्याबाईंच्या वजनाची वही मिळाली. डायलिसिसच्या आधी वजन करायचे, आणि मधल्या दिवसांत जेवढं वाढलं तेवढं पाणी साठलं असं धरायचे. पानं उलटत बसले. एक आठवडा बरोबर, एक आठवडा दीड-दोन किलो जास्त. परत एक बरोबर, एक जास्त. चार वर्षं तसंच. डॉक्टर सगळ्यांसमोर मला बोलायचे, "ताई, पाणी जास्त जातंय, जीव जाईल त्यांचा." मी मान खाली घालून ऐकायचे आणि घरी येऊन आणखी काटेकोर मोजायचे. वरणाचं पाणी गाळून घ्यायचे. तरी पुढच्या आठवड्यात पाय सुजायचेच.

काटा खराब असेल का?

ह्यांना वही दाखवली. म्हणाले, "टाक रद्दीत." आणि गाडी काढून कुठंतरी निघून गेले. तासाभरानं आले. उद्यापासून परत दुसरी पाळी, पाळी बदलताना झोप होत नाही, त्यानं चिडचिडतात.

१३ मार्च, रविवार

दुसरा मोठा सराव. बावीस किलोमीटर. परत पाऊण लिटर, पण आता ऊन फेब्रुवारीचं नाही. शेवटच्या टप्प्यात डोळ्यांपुढं काजवे आले. रस्त्याकडेच्या बसथांब्यावर अर्धा तास आडवी पडून होते. घरी सांगितलं नाही. आजची नोंद प्रामाणिकपणे करायची तर असं, की बाटलीत पाणी होतं. बसथांब्यावर पडले तेव्हा जवळजवळ अर्धी बाटली होती. का प्यायले नाही? पुढं लागेल म्हणून. पण पुढं घरच होतं.

१९ मार्च, शनिवार

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, मीठ-साखरेच्या पुड्या, टोपी, शिट्टी. ह्यांनी कुठूनतरी पाच मोठ्या बाटल्या आणून ओट्यावर ओळीनं ठेवल्या.

"पाच लिटर नेशील तरच जा."

"पाठ मोडेल माझी."

"मोडू दे. पाणी ने."

ह्यांचा आवाज असा चढलेला मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. नेते म्हटलं.

२४ मार्च, गुरुवार

धुळवड. बाहेर पोरं नुसताच कोरडा गुलाल उधळतायत, पाणी कुठाय यंदा. पिशवी भरली. अकरा किलो. खरं सांगायचं तर जायची इच्छा उरलेली नाही. नुसती ह्या पिशवीकडं बघूनच दमले. पण नाही म्हणायलाही काहीतरी जोर लागतो.

२५ मार्च, शुक्रवार, आवडाबाईंच्या ओसरीवर

सकाळच्या बसनं पिशोरला उतरले आणि नऊला चालायला लागले. पळस फुललेत, बाकी सगळं रान भाजल्यासारखं. मामांनी सांगितलेली पायऱ्यांची विहीर सापडली. शेवटच्या पायरीखाली चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि मधोमध एक प्लॅस्टिकची बादली उलटी पडलेली. आत्याबाई ह्याच पायऱ्यांवर बसून भाकरी खायच्या. मीही दशमी खाल्ली. घशाखाली उतरेना.

वाटेत दोघांनी हटकलं. एकजण म्हणाला, "बाई, रस्ता चुकलात काय? गाडीरस्ता तिकडं हाय." चालायला आलेय म्हटलं, तर बराच वेळ माझ्या मागं बघत उभा राहिला.

आवडाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तीन दिवसांनी टँकर येतो म्हणाल्या. मी घोटभर घेऊन खाली ठेवला. त्यांना वाटलं मी विटाळ मानते की काय, चेहरा पडला. तसं नाही, तुमचं पाणी कशाला संपवू, असं सांगितलं. "अगं, पाहुण्याला पाणी दिल्यानं घर आटत नाय," म्हणाल्या. तरी प्यायले नाही.

अठरा किलोमीटर. एक लिटर संपलं. चार शिल्लक.

२७ मार्च, रविवार, सोयगाव, मामांचं घर

काल लिहिता आलं नाही. आता जसं आठवतंय तसं लिहिते.

काल सकाळी सहाला निघाले. दहापर्यंत ठीक होतं. मग पठाराची उघडी पट्टी लागली, झाड म्हणून नाही. डोकं ठणकायला लागलं. पिंढऱ्यांत गोळे आले. शेवटची लघवी कधी झाली ते आठवेना. आत्याबाईंच्या बाबतीत हे मी रोज लिहून ठेवायचे, आणि स्वतःचं मला आठवत नव्हतं. आणखी एक टेकाड झालं की पिऊ, असं म्हणत चार टेकाडं गेली. एका बाभळीखाली बसले आणि बसल्या जागी कलंडले.

डोळे उघडले तेव्हा तोंडापाशी मेंढराचं तोंड होतं. त्याच्यामागं एक बाई, माझ्याच वयाची, हातात काठी. नाव बानाबाई, हे नंतर कळलं.

"अगं बया! जित्ती हाय का? कुठली गं तू?"

मला बोलता येईना. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, पिशवी ओढली आणि उघडून बघतच राहिली.

"तीन बाटल्या भरल्याल्या! अन् तू अशी वाळून चाललीस? कुणासाठी राखलंस गं हे?"

तिनं झाकण काढून बाटली माझ्या तोंडाला लावली. मी मान फिरवली. खरंच फिरवली. म्हटलं, "सहा वाजता."

"काय सहा वाजता?"

आणि मग मी रडायला लागले. अंगात पाणी नव्हतं तरी रडायला कुठून आलं कोण जाणे. जे लिहायचं नाही म्हटलं होतं ते तिला, त्या अनोळखी बाईला, सगळं सांगितलं. अकरा जानेवारीला चारला घरी आले. आत्याबाईंना धाप लागलेली. पायांवर सूज. पाचच्या सुमाराला म्हणाल्या, "घोटभर दे गं." बाटलीत दीडशे मिली होतं, पण रात्रीच्या गोळ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, "सहाला देते." त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. नेहमीसारखं भांडल्या असत्या तर दिलंही असतं. सहाला वीस मिनिटं असताना गेल्या. बाटली तिथंच, माझ्या हाताशी.

बानाबाईनं ऐकून घेतलं. शहाणपणाचं काही बोलली नाही. म्हणाली, "रडायचं ते मागून रड. आधी पी. मला मेंढरं वळवायचीत."

प्यायले. आधी घोट घोट, मग गटागटा. अंगावर सांडलं. तिनं उरलेल्यातलं ओंजळभर एका लंगड्या मेंढीला पाजलं, मला न विचारता. मग माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन मला हळद्याच्या वाटेला लावलं, जवळजवळ दोन तास, मेंढरांच्या चालीनं. शाळेपाशी पोचवून म्हणाली, "आता माणसाला बोलाव तुझ्या." मी पैसे काढायला लागले तर हसली आणि मेंढरांमागं गेली.

ह्यांना फोन केला तर हे तासाभरात हजर. मी चक्रावले. औरंगाबादेहून तासाभरात कसे? तर हे शुक्रवारपासून सोयगावातच होते, मामांकडं. रजा टाकून. मला सांगितलं नव्हतं.

शाळेच्या पायरीवर आम्ही बसलो. दिवस मावळत होता. बानाबाईला सांगितलं ते ह्यांनाही सांगितलं. आईचा शेवटचा घोट मी दिला नाही, असं सरळ सांगितलं. हे ओरडतील, उठून जातील, असं वाटलं होतं.

ह्यांनी पायरीवरचा एक खडा उचलून लांब टाकला. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "मी देत होतो."

"काय?"

"पाणी. दुसरी पाळी असली की सकाळभर मीच घरी असायचो ना. तू कॉलेजला गेलीस की ती हात जोडायची गं मला. आई हात जोडायची. काय करू?"

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "किती?"

"मोजलं नाय."

"चार वर्षं?"

"चार वर्षं. त्या दिवशी तर सकाळी दोन तांबे दिले. लई मागत होती. दुपारी मी कामाला गेलो अन् संध्याकाळी तुझा फोन." ह्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "तू घोट दिला नाय म्हणून रडतीस. मी दोन तांबे देऊन मारलं तिला."

मला आधी राग आला. एवढा की पायरीवरून उठून मैदानाच्या टोकापर्यंत गेले. चार वर्षं मी डॉक्टरांची बोलणी खाल्ली. वरण गाळलं. काट्याला दोष दिला. आणि हे शेजारी उभे राहून ऐकत होते. परत येऊन तसं बोललेही. हे म्हणाले, "व्हय. बोल." आणखी बोलले. हे "व्हय" म्हणत राहिले.

मग बोलायचं संपलं. मैदानात अंधार उतरत होता. मनात आलं, म्हणजे त्या एवढ्या तहानेल्या नव्हत्या. निदान एकाआड एक आठवडा तरी नव्हत्या. पोटभर पिऊन वर मला म्हणायच्या, तुझ्या हाताला पाणी नाय! आणि लेकाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. मला हसू आलं. हे घाबरून बघायला लागले.

आज सकाळी घाट उतरायचा बाकी होता. पायांत गोळे आहेत. हे म्हणाले, "गाडीवर बसतीस का?" बसले. वाट अर्धवट राहिली. वाईट वाटायला हवं होतं, पण फार दमले होते.

मामांनी दारात पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. यंदाच्या सालात. पाय धुतले.

३१ मार्च, गुरुवार

चार दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फार जपून बोलतोय, आजारी माणसाशी बोलावं तसं. शेवटी काल ह्यांनीच काढलं, "डॉक्टरला विचारू. काय ते एकदा कळू दे."

आज संध्याकाळी दवाखान्यात गेलो. तोच बाक. समोर डायलिसिसची माणसं, त्यांच्या बायका, सुना, हातात पिशव्या. एका म्हाताऱ्यानं सुनेकडं पाणी मागितलं. तिनं घड्याळात पाहिलं. आम्ही दोघांनी दुसरीकडं बघितलं.

आमचा नंबर सतरा. बारा चालू होता. मी मनात प्रश्न जुळवत होते. दोन तांब्यांनी माणूस जातो का? घोटभर पाण्यानं वाचतं का? आणि जुळवताना लक्षात आलं. डॉक्टर जर म्हणाले, पाण्यानंच गेल्या, तर हे उभ्या जन्मात वर बघणार नाहीत. आणि जर म्हणाले, पाण्यानं काही झालं नसतं, तर मी तो घोट का राखला? ह्या खोलीतून आमच्यापैकी एकच सुटून बाहेर येणार होता.

ह्यांच्याकडं पाहिलं. हेही बहुतेक तिथंच येऊन थांबले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर त्या दारावर.

"सतरा," आतून आवाज आला.

आम्ही हललो नाही.

"सतरा नंबर!"

म्हाताऱ्याच्या सुनेनं विचारलं, "तुमचाच ना?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. तिसऱ्यांदा पुकारून त्यांनी अठराला आत घेतलं.

थोडा वेळ तसेच बसलो. मग हे उठले आणि मला उठायला हात दिला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, चारचौघांत पहिल्यांदाच.

खाली आल्यावर ह्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडं दिली. म्हणाले, "तू चालव. मला लई झोप आलीय." मी चालवली. क्रांती चौकाच्या गर्दीत सिग्नलला थांबले तेव्हा ह्यांचं डोकं माझ्या पाठीला टेकलं होतं आणि श्वास एकसारखा येत होता. खरंच झोपले होते. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. मी हळूच गाडी पुढं घेतली.